होल्डवर ठेवलेली होडी

ज्या माणसाला सतत भीती वाटते तो भित्रा असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मला पत्रकांनी शिकवलं. आमच्या घरात डब्यांच्या फळीवरसुद्धा चळवळीची जुनी पत्रकं अंथरलेली असायची, आणि प्रत्येकात कुठे ना कुठे ‘निर्भय’ हा शब्द जाड ठशात असायचाच. मी तो शब्द वाचत मोठी झाले. पण भिंतीला भिंत लागून खोब्रागडेकाका राहत होते. त्यांना गॅसच्या नळीपासून विहाराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत सगळ्याची काळजी वाटायची. आणि आमच्या वस्तीत मी पाहिलेलं सगळ्यात धीराचं काम याच माणसाने केलं.

वामन खोब्रागडे मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि मुंढव्याला, नदीकाठच्या आमच्या वस्तीत स्थिरावले. हडपसरच्या एका कारखान्यात ते बेअरिंगच्या डब्यांसारखे ओतीव लोखंडाचे भाग तपासायचे. लहान हातोडीने भागावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. आवाज घुमला तर पास. बसका आला तर आत तडा आहे, म्हणून पिवळ्या खडूने गोल करायचा आणि रिजेक्ट. आवाजावरून ठरत नसेल तर तो भाग बाजूच्या मांडणीवर. त्याला ते होल्ड म्हणायचे.

पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती नावाची योजना आणली. तीत स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती कामगारांची. काका घरी आले, पण तपासणी काही थांबली नाही. ते चहाच्या कपावर टिचकी मारून मगच तोंडाला लावत. वस्तीत हिंडताना खिशात खडू असे. विजेच्या उघड्या पेटीभोवती, हलणाऱ्या कठड्याभोवती, गटाराच्या तडकलेल्या झाकणाभोवती पिवळे गोल दिसू लागले. लोक हसायचे, पण गोलावर पाय ठेवायला कुणी धजत नसे.

त्यांची मुलगी सुजाता माझ्या वर्गातली. तिला बघायला लोहगावहून मंडळी आली तेव्हा काकांनी मुलाचं शिक्षण, पगार काहीच विचारलं नाही. घराच्या जिन्याला कठडा आहे का, एवढंच विचारलं. ‘नाही’ असं उत्तर आलं. मंडळी गेल्यावर लीलाकाकूंनी विचारलं, “अहो, मग काय कळवायचं त्यांना?”

“होल्डवर ठेव,” काका म्हणाले.

“मुलगा आहे तो, तुमचा बेअरिंगचा डबा नाही.”

कठडा झाला नाही आणि लग्नही झालं नाही. सुजाताला त्याचं फारसं दुःख नव्हतं. मुलगा तिला तसाही पसंत नव्हता.

पुढे मी पत्रकं लिहायला लागले, तीही ते तपासायचे. चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्याजवळ धरून वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, “यात ‘तत्काळ’ तीनदा आहे वं. एकदाच ठेव. तीनदा लिहिलं की कोणालाच घाई वाटत नाही.” ते पत्रक नदीवरच्या पुलासाठी होतं.

पुलाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या समोरच्या काठावर, जिथे पूर्वी ऊस होता, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आयटी पार्क. सुजाताने बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिला कॉम्प्युटर पुसायचं काम मिळालं. आमच्या वस्तीतल्या पुष्कळ बायका तिथे साफसफाईला लागल्या. साहेब लोक यायच्या आत फरश्या कोरड्या हव्यात, म्हणून त्यांची पाळी उजाडतानाच सुरू व्हायची. रस्त्याने जायचं तर लांबच्या पुलाला वळसा आणि दोन बस, आणि त्या वेळेला पहिलीही बस नसायची. म्हणून बायका नदीवरच्या जुन्या, मोठ्या पाइपावरून चालत जायच्या. पाइप गोल, वर शेवाळ, बाजूला धरायला काही नाही. खाली जलपर्णी आणि तिच्याखाली शहराचं सांडपाणी. हातात चपला घेऊन, एकमेकींच्या पदराला धरून त्या ओळीने जायच्या. मी कचेरीत अर्ज दिले, पत्रकं वाटली, सह्या गोळा केल्या. उत्तर आलं नाही.

काका रोज पहाटे पाइपाच्या तोंडाशी उभे राहत. सुजाता पलीकडे पोचेपर्यंत ते काही बोलत नसत आणि कुणी बोललेलं त्यांना ऐकूही येत नसे. एकदा मी तिथे होते. ती पोचली, तिने हात वर केला, आणि काकांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. तो आवाज मला ऐकू आला.

मग त्या बायकांतली मंगल पडली. ती सुजाताच्या पुढे चालत होती. पाय सरकला आणि ती जलपर्णीत गेली. सुजाताने पाइपावर पालथं पडून तिचा पदर पकडला, बाकीच्यांनी सुजाताचे पाय धरले. मंगल वाचली. कोपर मोडलं, आणि कामावर आली नाही म्हणून ठेकेदाराने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी पुन्हा पाइपावरून गेल्या. सुजाताही गेली. काकांनी तिला जाऊ नकोस म्हटलं नाही. त्या पगारावर घर चाललं होतं, हे त्यांना माहीत होतं. ते तिथून सरळ किसनतात्यांकडे गेले.

किसनतात्या भोई. नदीत मासे होते तोवर तात्या मासे धरत. नंतर मासे संपले, मुलं कंपन्यांच्या गाड्या चालवायला लागली, आणि तात्यांची होडी बाभळीखाली उलटी पडून राहिली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. काकांनी होडीभोवती फेरी मारली, टिचक्या मारल्या, कान लावला.

“काय म्हणती?” तात्यांनी विचारलं.

“रिजेक्ट,” काका म्हणाले. “पण मला द्या.”

तात्यांनी दिली. कोंबड्यांची सोय तेवढी दुसरीकडे करा म्हणाले.

इथे एक सांगते. काकांना पोहता येत नव्हतं. ते तळ्यांच्या मुलखात वाढले, पण त्यांच्या लहानपणी गावच्या तळ्याचा एकच कोपरा त्यांच्या लोकांसाठी होता आणि तिथे पाणी गुडघाभर होतं. “गुडघाभर पाण्यात काय शिकणार,” असं ते एकदाच, अगदी सहज म्हणाले होते. पाण्यावर चालणारी वस्तू त्यांच्या घराण्यात कुणाच्या मालकीची असेल, हे त्यांच्या आजोबांना सांगूनही पटलं नसतं. होडी घरामागे आणली त्या दिवशी ते तिच्यात बसलेही नाहीत. नुसते बाजूला उभे राहिले, पाहुण्याच्या बाजूला उभं राहावं तसे.

मला मात्र राग आला होता. मी त्यांना म्हणाले, “काका, होडी झाली की पुलाची मागणी मेली. ते म्हणणार, लोक जातायत की. सरकारचं काम तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय.”

त्यांनी खालच्या फळीतला गंजका खिळा उपटून काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, “तुझा पूल पास आहे. माझी काही तक्रार नाही. पण तो कागदावर आहे, अन् सुजाता पाइपावर.”

पूल हवाच, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

उन्हाळाभर ते होडीसाठी झटले. तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. जुन्या लाकडाच्या वखारीतून सागाच्या फळ्या आणून त्यांनी त्या बदलल्या. गंजके खिळे काढून नवे मारले. दोन फळ्यांमधल्या फटीत जवसाच्या तेलात भिजवलेली सुतळी ठोकायची आणि वरून डांबर भरायचं, हे तात्यांनी दाखवलं. काकांनी ते काम कारखान्याच्या शिस्तीने केलं. पाणी लाकडाचा शत्रू, असं त्यांचं ठाम मत. म्हणून होडी विटांवर उचललेली, वर ताडपत्री, आणि लीलाकाकूंना त्या बाजूला धुणं वाळत घालायलाही बंदी. रोज सकाळी ते फटी तपासत, आणि रोज सकाळी नवी फट सापडे. काल बुजवलेल्या सुतळीच्या कडेलाच आज केसाएवढी रेघ. ते आणखी सुतळी ठोकत. दुसऱ्या दिवशी शेजारची फट उघडे. होडीच्या पोटावर इतके पिवळे गोल झाले की लांबून तिला देवीचे फोड आल्यासारखं दिसायचं.

पहिल्यांदा पाण्यात उतरवली तेव्हा ती काठापासून हातभर गेली आणि सगळीकडून पाझरायला लागली. तात्यांनी ओढून परत आणली. काकांनी ती वाळवली, पुन्हा भरली. दुसऱ्यांदाही तेच. संध्याकाळी ते घरामागे तात्यांबरोबर ओल्या होडीजवळ बसून होते आणि सुजाता त्यांच्यासाठी चहा घेऊन उभी होती. पावसाळा तोंडावर आला होता. धरणातून पाणी सुटलं की नदी चढते आणि लाटा पाइपाला लागतात. हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

लीलाकाकू मागच्या दारात तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “अहो, गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की काय करत होते तुम्ही?”

“पाण्यात टाकून ठेवत होतो.”

“काहून?”

“लाकूड फुगते अन् दांडा घट्ट—” काका बोलता बोलता थांबले.

तात्यांनी कपाळाला हात लावला. “वैनी बरोबर बोलत्यात. आमचा बाप दर सालाला होडी बुडवूनच ठेवायचा पंधरवडाभर. म्यां इसरूनच गेलो बघा. लई वरसं झाली.”

म्हणजे होडी फुटकी नव्हती, कोरडी होती. ज्या लाकडाला पाणी हवं होतं त्याला काकांनी उन्हाळाभर पाण्यापासून जपलं होतं. आणि त्याहून वाईट असं की फटी त्यांनी दाबून दाबून भरल्या होत्या. आता लाकूड फुगलं तर जागाच नाही. फळ्या एकमेकींना ढकलून खिळ्यांतून सुटल्या असत्या. स्वतः पास केलेलं काम काकांनी स्वतःच उचकटलं. अर्धी सुतळी काढून टाकली. मग तो दिवस आला जेव्हा त्यांना आपली होडी आपल्या हाताने बुडवायची होती.

काठाजवळच्या उथळ पाण्यात तात्यांनी ती दोराने बाभळीला बांधली. आम्ही सगळ्यांनी दगड दिले. काका एकेक दगड घेऊन होडीत असा ठेवत होते, जणू झोपलेल्या मुलाशेजारी काही ठेवतायत. पाणी होडीच्या काठावरून आत आलं. होडी सावकाश गेली. फक्त पुढचं नाक तेवढं वर राहिलं. काका तिथेच बसले. घरी चला म्हटलं तर म्हणाले, नाक दिसतंय तोवर बसतो. नाक तर दिसणारच होतं.

वस्तीत बातमी पसरली की खोब्रागड्यांची होडी बुडाली. लोक भेटायला येऊ लागले. एक आजी तर पदर डोळ्याला लावून आली आणि म्हणाली, किती जीव लावला होता हो. लीलाकाकूंनी प्रत्येकाला चहा दिला आणि प्रत्येकाला सांगितलं, बुडाली नाही, बुडवली. लोकांना ते जास्तच वाईट वाटलं. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं विहारात बोललं गेलं.

त्या दिवसांत काका अर्धा वेळ होडीजवळ आणि पहाटे पाइपाजवळ असायचे. एकीकडे बुडालेली होडी बघायची, एकीकडे न बुडालेली मुलगी. त्यांचा चेहरा पार उतरून गेला होता.

दगड काढले, पाणी उपसलं आणि होडी वर आली तेव्हा ती जड, काळी आणि मुकाट दिसत होती. तात्यांनी तिला पाण्यात ढकललं. ती तरंगली. तळ कोरडा राहिला. फक्त मागच्या बाजूला एका सांध्यातून बारीक थेंब झिरपत होता. तात्या म्हणाले, “एवढं तर माणसालाबी पाझरतं. चला.”

काकांनी त्या थेंबाभोवती गोल केला. “होल्ड,” ते म्हणाले.

आणि होडी होल्डवर राहिली. काका रोज तो सांधा तपासायचे. कधी थेंब कमी यायचा, कधी जास्त. तात्या वल्हं घेऊन यायचे आणि परत जायचे. मी चिडले, काकू बोलल्या, बायकांनी विनवण्या केल्या. काकांचं एकच म्हणणं, आत माणसं बसणार आहेत, लोखंड नाही. खरं सांगायचं तर ते चुकत नव्हते. पण पाइपावरची ओळ रोज जात होती, आणि नदीचं पाणी आता मातकट व्हायला लागलं होतं.

एका संध्याकाळी सुजाता कामावरून आली ती सरळ पाण्यातल्या होडीपाशी गेली. तिची सलवार एका बाजूने गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. काका सांध्यावर वाकले होते, मी शेजारी काठावर उभी होते. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तो पाइप तुम्ही पास केला होता का?”

काकांनी वर पाहिलं.

“सांगा ना. मी दोन वर्षं त्याच्यावरून जाते. तो कधी पास केला तुम्ही?”

काकांच्या बोटांत खडू तसाच होता. त्यांनी तो काठावरच्या दगडावर ठेवला, सदऱ्याला हात पुसले आणि मला म्हणाले, “तात्याला सांगून ये. सकाळी निघायचं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका काठावर जमल्या. सगळ्यांच्या आधी काका होडीत चढले. पोहता न येणारा हा माणूस तळाशी त्या सांध्याजवळ मांडी घालून बसला, हातात पत्र्याचा डबा. मग म्हणाले, या. सुजाता त्यांच्यासमोर बसली. तात्यांनी बांबूने होडी ढकलली. जलपर्णी बाजूला सारत होडी निघाली. काकांचा एक हात सांध्यावर होता, पाणी उपसायचा डबा दुसऱ्या हातात, आणि ओठ घट्ट मिटलेले. मधोमध गेल्यावर कुणीतरी बाई हळूच हसली, मग सगळ्याच हसल्या. काका हसले नाहीत. ते पलीकडे टेकेपर्यंत थेंब मोजत असावेत.

त्यानंतर होडी रोज गेली. पाणी फार चढलं की काका सरळ नाही म्हणायचे, आणि त्या दिवशी पाइपावरूनही कुणाला जाऊ द्यायचे नाहीत. बायका एकत्र रिक्षा करून वळशाने जायच्या. ठेकेदार ओरडला तर काका स्वतः जाऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. ते भांडायचे नाहीत. तुम्ही एकदा पाइपावरून चालून दाखवा जी, मग पगार कापा, असं सांगायचे. तो यायचा नाही आणि पगारही कापायचा नाही. पण प्रत्येक खेपेला काका तळाशीच बसले, हात त्या सांध्यावर. वर्षं गेली तरी सवय झाली नाही. भीती मोडत नसते, असं मला त्यांच्याकडे बघून कळलं. तिला बरोबर घेऊन बसावं लागतं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते एका थंडीतल्या सकाळी. पलीकडे पत्रकं वाटायला मी होडीतून गेले होते. होडी जिथे टेकते तिथे आयटी पार्कची मागची भिंत आहे. त्या भिंतीत गजांचं एक लोखंडी दार आहे आणि ते कायम बंद असतं. दार उघडलं तर बायका चार पावलांत आत जातील. ते उघडत नाहीत, म्हणून त्यांना भिंतीच्या पायथ्याने, वीतभर रुंद निसरड्या कडेवरून, एका हाताने भिंतीचे दगड चाचपत पार कोपऱ्यापर्यंत जावं लागतं. खाली तोच चिखल, तीच नदी. काकांनी गजांतून रखवालदाराला हाक मारली. रोज मारत असावेत, कारण रखवालदार आधीच ओशाळला होता.

“दादा, आज उघडता का जी?”

“वरून ऑर्डर नाही, काका. माझी नोकरी जाईल.”

“बरं. उद्या विचारतो.”

बायका ओळीने निघाल्या. सुजाता सगळ्यात शेवटी. काका होडीत उभे राहिले. होडी हलत होती आणि त्यांनी कशाचाही आधार घेतला नव्हता. दोन्ही हात अंगापासून जरा लांब, पंजे उघडे, अशा तऱ्हेने ते उभे होते, जणू कडेवरची कुठलीही बाई घसरली तरी ती त्यांच्याच हातात पडणार होती. एकेक करून त्या कोपऱ्यावरून वळल्या. सुजाता वळली. तात्यांनी विचारलं, निघायचं का? काकांनी ऐकलं नाही. कोपऱ्यावर कुणीच उरलं नव्हतं तरी त्यांचे हात तसेच पसरलेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी, घरी, खुर्चीत. तात्यांना आता दिसत नाही. होडी सुजाता चालवते. वल्हं मारायला ती तात्यांकडून शिकली आणि पोहायला हडपसरच्या जलतरण तलावात. पूल अजून झालेला नाही. त्यासाठीचं माझं भांडण मी भांडेन.

तुमच्याकडे मागायचं आहे ते याहून खूप लहान आहे. तुमच्यापैकी कुणी त्या काचेच्या इमारतींत काम करत असाल, तर उद्या थोडे लवकर जा. पुढच्या दाराने आत शिरा, गाड्या लावतात ती जागा ओलांडा आणि मागच्या भिंतीपर्यंत चालत जा. तुमच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे. तुमचं ऐकावं लागतं. रखवालदाराला रागावू नका, त्याच्या साहेबाला बोलवा. आणि उजाडताना होडी टेकेल त्याच्या आत ते दार उघडून घ्या.